पाय वाचला, आता हातही सांभाळा!

रक्तवाहिनीच्या बायपासनंतर हाताला होणारे त्रास आणि घरच्यांनी घ्यायची काळजी

‘बायपास’ हा शब्द आता खेड्यापाड्यांत नवा राहिलेला नाही. कुणाच्या चुलत्याच्या हृदयाचा बायपास झालेला असतो, तर कुणाच्या सासऱ्याच्या पायाचा. शहरातल्या मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रिया होते, माणूस घरी येतो, महिना-दोन महिन्यांत पारावर जाऊन बसू लागतो. पाय तुटायचा तो वाचला, म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. इस्पितळाचे कागद पेटीच्या तळाशी जातात.

पुढे वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या दिवशी त्याच माणसाचा हात एकाएकी गार पडतो. बोटे पांढरी फटक होतात, मुंग्या येतात, तांब्या हातातून निसटतो. ‘वात आला असेल,’ असे एक म्हणतो. ‘अवघडून झोपला असेल,’ असे दुसरा म्हणतो. कुणी तेल चोळतो, कुणी विटेचा शेक देतो. शस्त्रक्रिया झाली ती पायाची, तेव्हा हाताचा तिच्याशी काही संबंध असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. पण संबंध असतो. तो वेळेवर ओळखला तर हात वाचतो. नाही ओळखला तर कासरा धरणारा, विळा चालवणारा हात कायमचा दुबळा होतो. क्वचित तो गमवावाही लागतो. म्हणून ज्या घरात अशी शस्त्रक्रिया झालेली आहे, त्या घरातल्या सर्वांनीच ही माहिती समजून घ्यावी.

शरीरातले पाटपाणी

हृदय हा पंप आणि रक्तवाहिन्या हे पाट, असे समजा. रक्त शरीरात गोल फिरते, हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे या वैद्याने 1628 साली ग्रंथ लिहून जगापुढे मांडले. हृदयाकडून शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिनीला रोहिणी म्हणतात आणि अशुद्ध रक्त परत आणणारीला नीला.

हृदयातून निघणाऱ्या मोठ्या पाटाला महारोहिणी म्हणतात. तिच्यापासून दोन्ही हातांकडे चाऱ्या फुटतात. हाताची चारी आधी गळ्याजवळच्या आडव्या हाडाखालून जाते, मग काखेतून दंडात उतरते. कोपराशी तिच्या दोन शाखा होतात. एक अंगठ्याच्या बाजूने मनगटाशी येते. डॉक्टर नाडी पाहतात ती हीच. दुसरी करंगळीच्या बाजूने येते. तळहातात या दोन्ही शाखा पुन्हा एकमेकींना मिळतात, म्हणून एक आटली तरी दुसरी पंजाला पाणी पाजू शकते. निसर्गाची ही तजवीज मोठी सोयीची आहे. मात्र ती फसवीही आहे. कशी, ते पुढे पाहू.

पाट बुजतो कसा?

बिडी-सिगारेट, तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि रक्तातली जादा चरबी यांमुळे रोहिणीच्या आतल्या बाजूला थर साचत जातात. चारीत गाळ साचून पाणी कमी व्हावे, तसे रक्त कमी होते. पायाची रोहिणी अशी अरुंद झाली की बांधावरून थोडे चालताच पोटरी भरून येते, माणूस थांबतो, थांबले की बरे वाटते. पुढे बसल्याजागी पाय दुखू लागतो, अंगठ्याला जखम होते आणि ती भरत नाही.

ऐन तरुणपणी बिडी-तंबाखूच्या आहारी गेलेल्यांना आणखी एक रोग होतो. लिओ बर्गर या न्यूयॉर्कच्या डॉक्टराने 1908 साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. यात पायाच्या आणि हाताच्याही बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद होतात. त्या इतक्या बारीक असतात की पुष्कळदा बायपास जोडायला जागाच उरत नाही. या रोगावर खरा उपाय एकच, तंबाखू पूर्णपणे बंद करणे. कमी करणे नव्हे, बंद करणे.

नवा चर खणणे म्हणजेच बायपास

पाट मध्येच बुजला आणि उकरणे शक्य नसले, तर आपण काय करतो? वरच्या अंगाला पाट फोडून बाजूने नवा चर काढतो आणि बुजलेल्या भागाच्या पुढे नेऊन सोडतो. गावात गर्दी झाली म्हणजे बाहेरून रस्ता काढतात, तसेच हे. पॅरिसमध्ये जाँ कुनलँ या सर्जनने 1948 साली रोग्याच्याच पायातली नीला वापरून पायाचा पहिला लांब बायपास केला.

पण कित्येकदा बुजलेली जागा मांडीत नसून पोटात, महारोहिणीच्या खालच्या टोकाला असते. तेथे बायपास करायचा तर पोट उघडावे लागते. रोगी म्हातारा असेल, हृदय किंवा फुप्फुस कमजोर असेल, किंवा पोटात पूर्वी घातलेल्या नळीत पू झाला असेल, तर हे काम जिवावर बेतू शकते. यावर अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लेझडेल आणि हॉल या सर्जनांनी एक वेगळी वाट दाखवली आणि 1963 साली ती प्रसिद्ध केली. काखेजवळच्या रोहिणीला एक कृत्रिम नळी जोडायची, ती छातीच्या आणि पोटाच्या कडेने कातडीखालून खाली आणायची आणि जांघेतल्या रोहिणीला जोडायची. पोट उघडायची गरजच नाही!

ही नळी डॅक्रॉनच्या विणलेल्या कापडाची किंवा टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाची असते. तिची रुंदी बहुधा 8 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम करंगळीच्या निम्मी. दोन्ही पायांना रक्त हवे असेल, तर तिला खाली फाटा काढून दुसऱ्या जांघेकडे नेतात. म्हणजे एका हाताच्या पाटावर आता तीन अवयव भिजतात: तो हात आणि दोन्ही पाय. या एका गोष्टीतच पुढच्या त्रासाचे मूळ आहे. पोटातून केलेल्या बायपासच्या मानाने ही लांब नळी लवकर बंद पडते. म्हणून पोटाची शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रोग्यांसाठीच डॉक्टर बहुधा ती निवडतात.

हाताला त्रास होण्याच्या चार वाटा

पहिली वाट : गुठळी सुटणे. ठिबकच्या नळीचे टोक बंद केले आणि बरेच दिवस तिच्यात पाणी खेळले नाही, तर आत शेवाळ धरते. मग कधीतरी त्याचा तुकडा सुटून पुढच्या छिद्रात अडकतो. तसेच येथे होते. काखेपासून आलेली नळी काही कारणाने रक्त गोठून बंद पडते. पाय तोवर आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांवर भागवून घेतो, म्हणून रोग्याला विशेष काही जाणवत नाही. पण काखेशी त्या नळीचे बंद बुडखे शिल्लक राहिलेले असते. त्याच्या तोंडाशी गोठलेले रक्त असते आणि त्याला घासून हाताकडचे रक्त अखंड वाहत असते. त्यातला एखादा तुकडा सुटतो, हाताच्या रोहिणीत वाहत जातो आणि कोपराजवळ, जेथे वाहिनीला फाटे फुटतात, तेथे अडकतो. हे शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी होऊ शकते, तसेच काही वर्षांनीही होऊ शकते. काही वेळा मोठा तुकडा येण्याआधी बारीक कण येतात आणि बोटांच्या टोकांवर निळे-काळे दुखरे ठिपके उमटतात. ही निसर्गाने दिलेली नोटीस समजावी.

दुसरी वाट : जोड ताणला जाणे. नळी काखेजवळ शिवलेली असते. हात डोक्यावर उंच नेला की ती ताणली जाते. ती मुळातच तंग बसलेली असेल, तर एखाद्या हिसक्याने टाके उसवतात. हा धोका शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अधिक असतो. काखेत किंवा गळ्याच्या हाडाखाली झपाट्याने सूज येते, कळ येते, घेरी येते, आणि हाताकडे जाणारे रक्तही तुटते. हे टाळण्यासाठी सर्जन आता जोड काखेच्या टोकाला न घेता गळ्याच्या हाडाच्या जवळ घेतात आणि नळीला थोडी ढील ठेवतात. तरीही काळजी ही घ्यावीच लागते.

कधी टाके एकदम न उसवता हळूहळू ढिले होतात आणि तेथे रक्ताचा फुगा तयार होतो. गळ्याच्या हाडाखाली किंवा काखेत गाठ दिसते, आणि बोट ठेवले की ती नाडीसारखी उडते. येथे एक मोठा धोका आहे. घरचे तिला काखमांजरी समजतात, पोटीस बांधतात, कुणाकडून तरी फोडून घेतात. अशी उडणारी गाठ फोडणे म्हणजे धरणाचा दरवाजा फोडण्यासारखे आहे. मिनिटा-दोन मिनिटांत जीव जाऊ शकतो. बायपास झालेल्या बाजूच्या काखेतल्या गाठीला सर्जनखेरीज कुणीही हात लावू नये.

तिसरी वाट : पाणी कमी, भागीदार फार. वरच्या विहिरीला भरपूर पाणी असेल तर तिघांची शेते भिजतात. पण वरचाच पाट अरुंद झाला तर? गळ्याच्या हाडामागची रोहिणी पुढे रोगाने अरुंद झाली, की थोडक्या रक्तातले बरेचसे नळीवाटे पायांकडे ओढले जाते आणि हात उपाशी राहतो. कडबा तोडताना, धार काढताना हात लवकर भरून येतो, जड पडतो, थांबले की बरे वाटते. पूर्वी पोटरीचे जे दुखणे होते, तेच आता हाताचे झाले असे समजा. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर दोन्ही हातांचा रक्तदाब मोजतात आणि चांगल्या बाजूचा हात निवडतात.

चौथी वाट : दाब पडणे. ज्याचा एक पाय आधीच कापलेला आहे, तो काखेत कुबडी घेऊन चालतो. कुबडीचा वरचा आडवा भाग काखेत रुतत राहिला, तर रोहिणी आणि नळी दोन्ही दबतात, आत रक्त गोठते आणि हात धोक्यात येतो. कुबडी वापरताना शरीराचा भार काखेवर नसून तळहातावर हवा, आणि काख व कुबडी यांमध्ये दोन-तीन बोटांची जागा मोकळी राहायला हवी. बायपासची नळी त्याच बाजूला असेल, तर कोपराखाली धरायची कुबडी किंवा चालण्याची चौकट चांगली. ती कोणती घ्यावी, हे डॉक्टरांनाच विचारावे.

हृदयाचा बायपास आणि हात

हृदयाच्या बायपासमध्येही हाताचा संबंध दोन प्रकारे येतो.

हृदयाला नवे रक्त देण्यासाठी छातीच्या आतल्या बाजूची एक रोहिणी पुष्कळदा वापरतात, बहुधा डावी. ही रोहिणी डाव्या हाताकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीतूनच फुटते. पुढे ती मोठी वाहिनी वरच्या अंगाला अरुंद झाली, तर हात काम करू लागताच रक्त हाताकडे ओढले जाते आणि हृदयाला कमी पडते. काही वेळा तर ते हृदयाकडून उलटे हाताकडे वाहू लागते. मग डाव्या हाताने जोराचे काम केले की छातीत कळ येते. दोन्ही हातांच्या रक्तदाबाच्या वरच्या आकड्यात 15 ते 20 किंवा त्याहून अधिक फरक दिसला, की डॉक्टरांना ही शंका येते. म्हणून हृदयाचा बायपास झालेल्याने तपासणीच्या वेळी ‘दोन्ही हातांचा रक्तदाब पाहा’ अशी विनंती जरूर करावी.

दुसरा प्रकार मनगटाच्या रोहिणीचा. हृदयाच्या बायपाससाठी कधी कधी अंगठ्याच्या बाजूची रोहिणी मनगटापासून कोपरापर्यंत काढून घेतात. ती काढण्याआधी करंगळीच्या बाजूची रोहिणी एकटी पंजा पोसू शकते की नाही, हे डॉक्टर तपासून पाहतात. त्यामुळे नंतर हाताला रक्त कमी पडण्याची गोष्ट विरळा. अंगठ्याच्या मागच्या बाजूला बधिरपणा किंवा मुंग्या राहतात, त्या बहुधा कातडीच्या शिरेला धक्का लागल्यामुळे असतात. पुष्कळांच्या बाबतीत त्या हळूहळू ओसरतात. त्याने घाबरू नये. पण बोटे पांढरी किंवा निळी पडली, गार झाली, तर मात्र थांबू नये. आणि हे ध्यानात असू द्या की अशा हाताच्या अंगठ्याच्या बाजूला नाडी लागणारच नाही, कारण ती रोहिणी तेथे नाहीच.

मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या हातात डायालिसिससाठी रोहिणी आणि नीला एकमेकींना जोडून देतात. ही बायपासची शस्त्रक्रिया नव्हे. पण तिच्यातही रक्त आडवाटेने निघून जाऊन पंजा गार पडणे, डायालिसिसच्या वेळी हात दुखणे, असे होऊ शकते. तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

लकवा की गुठळी?

हात एकाएकी लुळा पडला की गावात पहिला शब्द निघतो तो लकव्याचा. लकवाही तातडीचाच रोग आहे आणि त्यालाही ताबडतोब इस्पितळच लागते. तरी दोन्हींतला फरक घरच्यांना कळला, तर डॉक्टरांना नेमके सांगता येईल.

लकव्यात हात बहुधा दुखत नाही, उबदार असतो आणि मनगटाची नाडी लागते. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, त्याच बाजूचा पाय लटका पडणे ही त्याची जोडीची लक्षणे.

गुठळी अडकली असेल तर हात आधी जोराने दुखतो, मग फिका पडतो. दुसऱ्या हाताच्या मानाने तो गार लागतो. मुंग्या येतात, बधिरपणा चढतो, आणि शेवटी बोटे हलवता येत नाहीत. मनगटाची नाडी हाताला लागत नाही. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून एकाच वेळी नाडी पाहा, फरक चटकन कळेल. हे एक मिनिटाचे काम आहे आणि घरातल्या शाळकरी मुलालाही ते शिकवता येते.

आता ती फसवी गोष्ट. हाताला बारीक आडवाहिन्या पुष्कळ असतात. त्यामुळे गुठळी अडकल्यावर तासाभराने थोडे रक्त आडवाटेने येते, दुखणे कमी होते, आणि ‘उतार पडला’ असे वाटून घरचे स्वस्थ बसतात. हात मरत नाही खरा, पण पुढे काम करताना तो कायम भरून येतो, थंडीत बोटे काळीनिळी पडतात, आणि पुढची गुठळी कधी येईल याचा नेम नसतो. दुखणे कमी झाले, पण हात गारच आहे आणि नाडी नाही, याला उतार म्हणत नाहीत.

वेळेची किंमत

रक्त पूर्ण तुटले तर स्नायू आणि मज्जातंतू साधारण चार ते सहा तासच तग धरतात. पाणी तुटल्यावर भाताचे रोप काही दिवस टिकते. हाताला तेवढीही सवड नसते. म्हणून हे करा :

• 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. शक्य तर रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते अशाच इस्पितळात न्या. कुठे न्यावे हे माहीत नसेल, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून फोन करवून घ्या.
• पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद आणि चालू गोळ्या बरोबर घ्या. गळ्याच्या हाडाखालचा आणि जांघेतला जुना व्रण डॉक्टरांना स्वतःहून दाखवा.
• हात कोरड्या मऊ कापडात सैल गुंडाळा आणि छातीच्या बरोबरीने किंवा किंचित खाली ठेवा.
• शस्त्रक्रिया करावी लागेल या हिशेबाने रोग्याला खायला देऊ नका.

आणि हे करू नका :

• चोळू नका, मालिश करू नका.
• विटेचा, निखाऱ्याचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका. बधिर हाताला भाजलेले कळत नाही, आणि रक्त नसलेली कातडी चटकन जळते. बिब्बा घालणे, डाग देणे हेही तसेच घातक.
• हात उंच बांधून ठेवू नका. दोरा, गंडा, पट्टी आवळू नका.
• ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

काखेत एकदम सूज येऊन घेरी आली किंवा रक्त वाहू लागले, तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरा आणि तसेच दाबून इस्पितळात न्या. वाटेत दाब सोडून पाहू नका.

इस्पितळात काय करतात?

प्रथम रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन नावाचे औषध शिरेतून देतात. सोनोग्राफीच्या यंत्राने किंवा शिरेत औषध घालून काढलेल्या सीटी स्कॅनने गुठळी कोठे आहे ते पाहतात. मग पुष्कळदा कोपराजवळची जागा बधिर करून रोहिणीला बारीक छेद घेतात आणि टोकाला फुगा असलेली एक पातळ नळी आत सरकवतात. गुठळीच्या पलीकडे गेल्यावर फुगा फुगवतात आणि अलगद मागे ओढतात. गुठळी ओढली जाऊन बाहेर येते.

ही युक्ती थॉमस फोगार्टी या अमेरिकन डॉक्टराची. 1963 साली ती प्रसिद्ध झाली. त्याला गळाने मासे धरण्याचा नाद होता. गळाला कृत्रिम माशी बांधायची जी गाठ असते, तीच वापरून त्याने रबरी हातमोज्याच्या करंगळीचा तुकडा नळीच्या टोकाला बांधला, आणि पहिला फुगा तयार झाला. त्यापूर्वी गुठळी काढायला मोठमोठे छेद घ्यावे लागत आणि कित्येकांचे हातपाय जात. नदीकाठच्या एका छंदाने जगभरातले असंख्य हातपाय वाचवले!

पण गुठळी काढून काम संपत नाही. ती जेथून आली ते ठिकाण, म्हणजे काखेतले बंद नळीचे बुडखे, तसेच राहिले तर पुन्हा गुठळी येते. म्हणून सर्जन ते रोहिणीपासून सोडवतात आणि त्या जागी रोग्याच्याच नीलेचे ठिगळ लावून छिद्र बुजवतात. वरची वाहिनी अरुंद झाली असेल, तर फुग्याने रुंद करून आत जाळीची नळी बसवतात. डॉक्टर दुसरी शस्त्रक्रिया सुचवतात तेव्हा ‘हात तर बरा झाला, आता कशाला?’ असे म्हणून घरी निघून येऊ नये.

गायीने दिलेले औषध

पुढे कित्येकांना रक्त पातळ ठेवण्याची गोळी देतात. तिची कथा शेतकऱ्यांनी ऐकावी अशी आहे. 1920 नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरे एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापले तरी रक्त थांबेना. लसूणघासाच्या गोतातले ‘स्वीट क्लोव्हर’ नावाचे वाळवलेले गवत ओल लागून बुरसटले होते आणि तेच गुरांच्या खाण्यात आले होते. 1933 च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली आणि ते गवत घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या शास्त्रज्ञाकडे पोचला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षे खपून त्या गवतातले द्रव्य वेगळे काढले. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. 1948 साली ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले, आणि 1954 पासून माणसांना औषध म्हणून देऊ लागले.

या कथेतला धडा असा : जे मापात औषध, तेच मापाबाहेर विष. ही गोळी चालू असेल तर सांगितलेल्या दिवशी रक्ताची तपासणी केलीच पाहिजे. मनाने गोळी वाढवू नये, बंद करू नये. अंगदुखीच्या गोळ्या आणि झाडपाल्याची औषधे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेथी, पालक, चवळई सोडायचे कारण नाही, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात मुळीच नाही, असे करू नये. हिरड्यांतून रक्त, काळी शौचास, लाल लघवी, डोक्याला मार, यांपैकी काही झाले तर लगेच डॉक्टर गाठावा. सर्वांनाच वॉरफरिन देतात असे नाही. कित्येकांना ॲस्पिरिनच पुरते. पण जी गोळी दिली असेल ती पैसे संपले म्हणून थांबवू नये. तसे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे.

घरची आणि शेतातली काळजी

काखेपासून नळी घातलेल्या माणसाने पहिले काही आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नये. आंबे उतरवणे, डोक्यावर भारा घेऊन हाताने सावरणे, विहिरीतून पोहरा ओढणे, उडत्या वासराचा कासरा धरणे, ही कामे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुसऱ्याने करावी. जोर आणि हिसका यांत फरक आहे; घात करतो तो हिसका.

नळी कातडीखालून जाते. तेथे बोट ठेवले की तिची धडधड कळते. रोज सकाळी तोंड धुताना ती एकदा चाचपून पाहावी. धडधड बंद झाली तर पाय दुखत नसला तरी डॉक्टरांकडे जावे. हातावरचे संकट येथूनच सुरू होऊ शकते. नळीवर घट्ट नाडी, करदोटा, पट्टा बांधू नये. त्या हाताचा रक्तदाब घ्यावा की नाही, तेथे सुई टोचावी की नाही, हे सर्जनला विचारून कागदावर लिहून घ्यावे.

तंबाखूविषयी पुन्हा एकदा सांगतो. नवी नळी बसवली म्हणजे जुना रोग गेला असे नव्हे. बिडी चालूच राहिली तर नळीही बुजते आणि हाताचा मूळ पाटही बुजतो. मिसरी आणि तंबाखूची चिमूटही सोडावी. मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे वेळेवर घ्यावी.

खर्चाची काळजी सर्वांनाच असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणत्या शस्त्रक्रिया बसतात आणि कोणत्या इस्पितळात होतात, याची चौकशी योजनेतल्या इस्पितळातील आरोग्यमित्राकडे आधीच करून ठेवावी. शिधापत्रिका आणि आधार कार्ड इस्पितळाच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी कोठे आहे, हे घरातल्या बायामाणसांना आणि मुलांनाही माहीत असावे. कारण हात गार पडतो तेव्हा घरात कर्ता पुरुष असेलच असे नाही, आणि पुष्कळदा तो कर्ता पुरुषच आजारी असतो.

एवढे ध्यानात ठेवा

• पायाच्या किंवा हृदयाच्या बायपासचा त्रास हातालाही होऊ शकतो.
• दुखणारा, फिका, गार हात आणि मनगटाला नाडी नाही, याचा अर्थ तातडीने इस्पितळ.
• बोटांवर निळे ठिपके, कामात हात भरून येणे, डाव्या हाताच्या कामाने छातीत कळ, हे सगळे आगाऊ इशारे आहेत.
• काखेतली उडणारी गाठ फोडू नये.
• चोळणे नाही, शेकणे नाही, वाट पाहणे नाही.

पाट नीट वाहतो आहे ना, हे पाहायला आपण रात्री-बेरात्रीही बांधावर फेरी मारतो. तशीच एक फेरी घरातल्या आजारी माणसाच्या मनगटावर रोज मारावी. तीन बोटे आणि एक मिनिट, एवढाच त्याला खर्च आहे.